आधी शहाण्यांची परीक्षा

"घरच्या माणसाला कधी रोगी करायचं नाही. आणि गप्प बसलेल्याला बोलतं करायची घाई करायची नाही. गप्प बसणं हेच त्याचं बोलणं समजायचं."

पूजेच्या सुट्टीला निघताना कलकत्त्याच्या सान्याल सरांनी एवढं सांगितलं होतं. त्यातलं निम्मं त्यांच्या तोंडातल्या पानात बुडालं, तरी त्रिंबकाला ते अर्थासकट पाठ होतं. भाऊबीजेच्या सकाळी न्हाणीच्या दगडावर उटणं चोळत बसलेला असताना त्याला तेच आठवत होतं, कारण ओसरीवर आबांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, मोहनरावांचा, आवाज चढला होता.

"आमचा तिरमक म्हंजे आता मनाचा डाक्टर हाय, गिरदावरसाहेब. नाडी बघायची नाही, जीभ बघायची नाही. नुसतं समोर बशीवला की माणूस येडा का शहाणा, ते सांगतो."

"वाह!" तहसिलीतले जमीन-महसूल बघणारे गिरदावर बंकटराव म्हणाले. त्यांच्या पुढ्यात फराळाचं ताट होतं आणि ताटातला अनारसा त्यांना शहाणपणाच्या प्रश्नापेक्षा जवळचा होता. "इत्ती दूर जाके ये पढाई करते? यहाँ तो हर कोई मुफत में बता देता."

त्रिंबक अजून डॉक्टर झालेला नव्हता. दोन वर्षांच्या शिक्षणातलं एक झालं होतं. त्या वर्षात प्रयोगशाळेत घड्याळं, शाईचे डाग आणि शब्दांच्या परीक्षा झाल्या. दुसऱ्या वर्षी, म्हणजे या सुट्टीनंतर, इस्पितळात मन बिघडलेल्यांच्या उशाशी बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि निदान एक माणूस तरी मुळापासून समजून घेऊन सरांपुढे मांडायचा. पण गावाला एवढं बारीक समजून घ्यायला सवड नव्हती. तो आल्यापासून दारात रीघ लागली होती. शेजारच्या बायनाबाईंना सुनेच्या मनात काय चाललंय ते हवं होतं, तेही सुनेला न विचारता. सटवा नावाच्या गड्याने बैल बुजतो म्हणून बैलच आणून उभा केला होता.

आणि खरं सांगायचं तर त्रिंबकही काही कमी नव्हता. दसऱ्यानंतर घरात पाय ठेवल्यापासून तो सगळ्यांकडे टक लावून बघत होता. आबा दिवसभर अडकित्त्याने सुपारी कातरत, त्यात त्याला काहीतरी दिसे. आई भातावर तूप जास्त वाढी, त्यातही काहीतरी दिसे. शेवटी आईच, म्हणजे रुक्मिणीबाई, वैतागल्या. "आसं गायीवानी बघत बसू नको. जेव."

त्याचं सगळ्यात जास्त लक्ष होतं ते काकूंकडे.

मंजुळाबाई त्याच्या धाकट्या चुलत्याच्या, उत्तरेश्वररावांच्या, पत्नी. ज्येष्ठात पटकीच्या साथीत ते गेले. मूलबाळ नव्हतं. भावाभावांची वाटणी आजोबांच्या हयातीतच झालेली, त्यामुळे ओढ्याकाठचा विहिरीचा मळा उत्तरेश्वररावांचा होता आणि आता तो काकूंच्या ताब्यात होता. बारमाही पाणी, दोन मोटा, मिरची, वांगी, कडेने पेरूची झाडं. आणि आषाढी एकादशीपासून मंजुळाबाई बोलल्या नव्हत्या. एक अक्षरही नाही. सकाळी तुळशीला पाणी, दुपारी वाती, संध्याकाळी दिवा, आणि तोंड बंद.

मोहनरावांनी या गप्प बसण्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीने लावला होता. वाटणी झालेल्या भावाची बायको शुद्धीत नसेल तर तिच्या जमिनीची देखभाल थोरल्या दिरानेच करायची, हे तहसिलीतही सगळे मानत. फक्त ती शुद्धीत नाही असं कुणीतरी जाणत्याने बोलायला हवं होतं. जाणता घरातच पिकला होता.

"तू गिरदावरापुढं एवढंच बयान द्यायचं, की ती येडी हाय," त्यांनी दिवाळीच्या आधी त्रिंबकाला सांगितलं होतं. "मग पुढचं वरीस कलकत्ता. माझ्याकडं लागलं."

"आणि न्हाई दिलं तर?"

"तर चौसाळ्याला आडतीवर बस. तितंबी लोकायचं मनच वळखायचं असतंय."

त्रिंबकाने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, पण त्याला मोह पडला होता. पुढच्या वर्षासाठी त्याला एक माणूस हवाच होता आणि असा माणूस साऱ्या कलकत्त्यात मिळाला नसता. नवरा गेल्यावर वाचा बंद झालेली बाई! त्याच्या पुस्तकात या गप्प बसण्याला तीन नावं होती, तिन्ही लॅटिन, आणि तिन्ही त्याला छान उच्चारता येत. अडचण एवढीच होती, की काकू का गप्प आहेत हे त्याला पुस्तकाशिवायच माहीत होतं.

आषाढात तो कलकत्त्याला निघाला त्याच्या आदल्या दिवशी काकूंनी त्याला मळ्यात बोलावून घेतलं होतं. "तिरमक, उद्या एकादशी. चातुर्मास मौन धरायचं ठरवलंय मी. उद्यापनाला देवापुढं घंटा वाहावी लागती. ती तू आण, आन् नारायणगडावर माझ्यासंगं तूच चल. दुसऱ्या कुनाला सांगणार न्हाई मी." आणि तो "हो काकू" म्हणाला होता. घंटा त्याच्या ट्रंकेत होती, धोतरात गुंडाळलेली. लॅटिन नावं तिच्याच शेजारी, पुस्तकात होती.

स्वयंपाकघरात रुक्मिणीबाई करंज्या तळत होत्या आणि नणंद भिवराबाई बाजूला बसून त्या कशा तळायच्या ते सांगत होत्या. भिवराबाई काल संध्याकाळी माजलगावहून बैलगाडीने आल्या होत्या, भावाला ओवाळायला.

"वयनी, मंजुळेचं आता काय खरं न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "सकाळी मी एवढं 'कशी हाईस' म्हणून इचारलं, तर वाती वळत बसली. माजं तोंड ऱ्हायलं तसंच उघडं."

"येडीच म्हणायची, वन्सं. दुसरं काय."

हे रुक्मिणीबाईंनी करंजी उलटवता उलटवता म्हटलं, जसं 'आज उकडतंय' म्हणावं. मंजुळाबाईंचं मौन हे व्रत आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. चार महिने एका ओट्यावर दिवा लावणाऱ्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला कळणार? महिन्यापूर्वी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलंही असतं. पण काल पाडवा झाला. काल त्यांनी मोहनरावांना ओवाळलं, तेव्हा इतक्या वर्षांत खणापलीकडे काही न टाकणाऱ्या त्या माणसाने तबकात एक अख्खी सुपारी ठेवली आणि हलकेच म्हटलं, "ही सुपारी न्हवं. हा विहिरीचा मळा हाय, तुज्या नावाचा. कुनाला बोलू नको." रुक्मिणीबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधून ठेवली. तेव्हापासून जाऊबाई वेडी असावी असं त्यांनाही वाटू लागलं. देव सगळ्यांच्याच मनात असतो म्हणतात, पण सणासुदीला त्याच्या जागी दुसरंही कुणी येऊन बसतं.

भिवराबाईंचाही एक हात सारखा पदराच्या गाठीकडे जात होता. दोघी एकमेकींना आज फार गोड बोलत होत्या. कढईतल्या तुपालाही संशय यावा इतकं.

ओसरीवर सतरंजी घातली. बायका माजघराच्या चौकटीआड बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. मंजुळाबाईंना रुक्मिणीबाईंनी हाताला धरून आणलं. त्यांनी वातींची परडी सोबत आणली आणि बसल्या बसल्या कापूस हातात घेतला.

"बोलाव तिला फुडं," मोहनराव म्हणाले. "इचार काय इचारायचं ते. बोलली न्हाई की झालं."

त्रिंबकाने खटक्याचं घड्याळ काढलं. बोट दाबलं की चालू, बोट दाबलं की बंद. बंकटरावांनी ते हातात घेऊन दोनदा दाबून पाहिलं आणि नाइलाजाने परत दिलं. हो म्हणायचं की नाही हे त्रिंबकाचं अजूनही ठरलेलं नव्हतं, आणि न ठरलेला माणूस नेहमी करतो तेच त्याने केलं. पद्धतीचा आधार घेतला.

"असं एकदम न्हाई करता येत आबा. एक शब्द मी बोलायचा, ऐकणाऱ्यानं मनात पहिला येईल तो शब्द झटक्यात बोलायचा. पण आधी शहाण्यांची परीक्षा घ्यावी लागते. शहाणी माणसं काय उत्तर देतात हे समजल्याबिगर येड्याचं उत्तर येडं हाय, हे कशावरून म्हणायचं?"

"कावून? आमची कावून परीक्षा?"

"बात कायदे की है," बंकटराव करंजीचा तुकडा मोडत म्हणाले. "पहले आप, मोहनराव. आप से बढके शहाना इस घर में कौन?"

हे ऐकल्यावर मोहनरावांना नाही म्हणता येईना. ते सरसावून बसले, पटका सारखा केला, अडकित्ता मांडीखाली सरकवला.

"आभाळ?" त्रिंबकाने विचारलं.

"पाऊस."

"बैल?"

"खिल्लार."

"भाऊ?"

"हिस्सा," मोहनराव म्हणाले, आणि मग त्यांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"मळा?"

घड्याळ चालत राहिलं. मोहनरावांनी छपराकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, बंकटरावांकडे पाहायचं टाळलं. "ऊन," ते शेवटी म्हणाले. ओसरीवर उन्हाचा कवडसाही नव्हता.

सान्याल सर म्हणत, जीभ जिथे अडखळते तिथे खाली काहीतरी पुरलेलं असतं. त्रिंबकाला ते आता नको इतकं आठवलं. पण घड्याळ हातात होतं आणि आई चौकटीआडून "आता मी का?" म्हणत होती. तिला या खेळाची गंमत वाटू लागली होती.

"चूल?"

"धूर."

"सून?"

"आदी येऊ तर दे."

"एकच शब्द, आई."

"मग गरीब."

बंकटराव खो खो हसले. भिवराबाईही हसल्या. रुक्मिणीबाईंचा जीव मोकळा झाला, आणि मोकळ्या झालेल्या जिवाला राखण नसते.

"मळा?"

"माजा."

शब्द पुरता संपायच्या आत उत्तर आलं होतं. मोहनरावांनी डोळे मिटले.

"तुजा कसा गं वयनी?" भिवराबाईंच्या तोंडचं हसू अजून पुरतं पुसलंही नव्हतं.

"न्हाई वन्सं, ते आपलं तोंडातून..."

"तोंडातून कसं येईल? तुज्या तोंडात मळा कावून? आज सकाळी ओवाळलं तवा दादानं मला ताटात घातला मळा!" भिवराबाईंनी पदराची गाठ दातांनी सोडवली आणि सुपारी तळहातावर धरली. "ही बग. ही सुपारी म्हंजे मळा म्हणाला. भावानं बीजेला दिलाय!"

रुक्मिणीबाईंनी आपलीही गाठ सोडली. दोन्ही सुपाऱ्या सारख्याच होत्या. दोन्ही चौसाळ्याच्या एकाच दुकानातल्या.

"पाडव्याला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या आदी एक दिवस, वन्सं."

गप्प राहिले असते तर बंकटराव सुटले असते. पण परीक्षेचं वारं त्यांनाही लागलं होतं. त्यांचा हात आपोआप शेरवानीच्या खिशात गेला.

"मोहनराव, ये क्या तमाशा है? हमकू तो दिवाळी की खुशी में..." ते थांबले. सुपारी मात्र खिशातून निम्मी बाहेर आली होती.

अंगणात सटवाचा बैल तेवढा हंबरला.

"थट्टा व्हती," मोहनराव म्हणाले. "सणाची." आणि राग कुणावर काढावा हे सुचताच तो त्यांनी मुलावर काढला. "ह्येच शिकवतेत व्हय रे तितं? बापाला उघडं पाडायचं?"

"मी फक्त शब्द बोललो, आबा."

"मग आता तिला बोल! तिचं कावून ऱ्हायलं? बोलली न्हाई तर येडी. माजं काय बी असू दे, तिचं येडेपण त्यानं जातंय का?"

आणि यात मात्र मोहनराव खोटं बोलत नव्हते.

मंजुळाबाईंनी सगळं ऐकलं होतं. मौनाचा एक गुण असा, की लोक तुमच्यासमोर बोलायला लाजत नाहीत. चार महिन्यांत त्यांना या घराबद्दल जेवढं कळलं तेवढं सून म्हणून आल्यापासून कळलं नव्हतं. मौन त्यांनी देवासाठी धरलं होतं हे खरं. पण देवाला ठाऊक होतं, की ते दिरासाठीही होतं. उत्तरेश्वर गेले त्याच्या तेराव्याला मोहनराव जवळ येऊन म्हणाले होते, "मळ्याचं मी बगतो, हां?" रडता रडता त्यांच्या तोंडून "हूं" गेला. दुसऱ्या दिवशी मोटेवर मोहनरावांचा गडी होता. या घरात बाईच्या 'नाही'ला ऐकणारा नव्हता, पण तिचा 'हूं' मात्र भिंतीआडूनही ऐकू जाई आणि तो करार धरला जाई. गडी त्यांनी परत पाठवला, आणि मग ठरवलं, तोंडातून हूंसुद्धा जाऊ द्यायचा नाही.

आता नुसतं "मी शहाणी हाय" म्हटलं की मळा वाचणार होता आणि व्रत मोडणार होतं. नाही म्हटलं तर व्रत राहणार आणि मळा जाणार. त्यांनी वात वळली, टोकाला पीळ दिला, परडीत ठेवली. पुतण्या समोर येऊन बसला. घड्याळ त्याच्या हातात होतं. याच हातांना त्यांनी लहानपणी पेरू फोडून मीठ लावून दिला होता.

त्रिंबकाने घड्याळ दाबलं. दहा शब्द तोंडावर आले. त्यातला कुठलाही बोलला असता तरी चाललं असतं. काकू गप्पच राहिल्या असत्या, बयान झालं असतं, कलकत्ता झालं असतं. सरांपुढे तीन लॅटिन नावांपैकी एक ठेवता आलं असतं.

"घंटा," तो म्हणाला.

काकूंच्या बोटांमधला कापूस थांबला. त्यांनी वर पाहिलं. इतकंच. घड्याळ किती वेळ चाललं हे त्रिंबकाने पाहिलंच नाही. त्याने ते बंद केलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"गिरदावरसाहेब, माझं बयान घ्या. काकूंना कुठलाबी आजार न्हाई. त्यांचं चातुर्मासाचं मौन हाय, द्वादशीला सुटंल. आज परीक्षेत तोंडावर ताबा राहिलेलं माणूस या ओसरीवर एकच निघालं. येडं कुणाला म्हणायचं ते तुमी ठरवा. मी शिकतोय अजून."

बंकटराव उठले. सुपारी त्यांनी फराळाच्या ताटात ठेवली, अनारशांच्या शेजारी, तिला पाहिलंच नाही अशा बेताने. "आप के घर में दीवाना कौन है, ये बोलना मेरे से नै होता, मोहनराव," ते म्हणाले. मग जाता जाता थांबून उरलेली करंजी उचलली.

भिवराबाईंनी गाडी जुंपायला सांगितली. "जेवून तरी जावा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "सुपारी खाल्ली की आमी," भिवराबाई म्हणाल्या आणि ती खरंच भावाच्या अंगावर भिरकावून चालत्या झाल्या.

मोहनराव ओसरीवर एकटे उरले. त्रिंबक समोर उभा राहिला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"आडत," ते म्हणाले. "तुळशीचं लगीन झालं की चौसाळ्याला जायचं. कलकत्ता बास."

चौकटीतून रुक्मिणीबाई बाहेर आल्या. गिरदावर गेले होते, तरी पदर डोक्यावरच होता. त्यांनी आपली सुपारी नवऱ्यासमोर पाटावर ठेवली.

"अवं, ही तुमची वस्तू. मळा मंजुळेचा हाय, मला नको. मी सकाळी तिला येडी म्हणाले, त्याचं देवापुढं नाक घासीन ते निराळं. पण पाडव्याची ववाळणी तुमी तोंडानं दिलीया. ती रिकामी कशी ठिवायची? तिच्या जागी दुसरं द्या."

"काय देऊ?" मोहनराव चिडून म्हणाले.

"पोराचं फुडलं वरीस. जाऊ द्याल न्हवं त्येला?"

मोहनरावांनी अडकित्ता उचलला. सुपारी दाढेखाली धरावी तशी त्यात धरली. दाबली, पण तुटली नाही. त्यांच्या नाकातून, वैतागाचा म्हणा की थकव्याचा, एक आवाज निघाला.

"हूं."

"ऐकलंस का गं मंजुळा?" रुक्मिणीबाईंनी आत वळून विचारलं. "हूं म्हणाले."

"आगं, मी काय तसं..."

"हूं म्हणाले," रुक्मिणीबाई पुन्हा म्हणाल्या. आत परडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मंजुळाबाई दारात आल्या आणि दिराकडे बघून त्यांनी सावकाश मान डोलावली. साक्षीदाराने डोलवावी तशी.

कॉलेज उघडायची तारीख येऊन गेली तरी त्रिंबक निघाला नाही. सान्याल सरांना त्याने तार केली: घरी रोगी मिळाला नाही, यायला थोडा उशीर होईल. सर रागावतील किंवा हसतील. हसतील तेव्हाही पान तोंडात असेल, म्हणजे दोन्हीतला फरक कळणार नाही.

दशमीला उजाडताना काकू तीळ, वाती आणि नारळाची पिशवी घेऊन अंगणात आल्या. तुळशीला हात जोडले. बीडला एक मुक्काम आणि मग गड. ओसरीवर मोहनराव जागे होते. रुक्मिणीबाईंनी दशम्यांचं गाठोडं त्रिंबकाच्या खांद्याला अडकवलं आणि हळूच म्हणाल्या, "माज्याबी नावानं तितं नाक घास."

त्याने ट्रंकेतून घंटा काढली. कलकत्त्याच्या बाजारात वाजवून घेतली होती तेव्हा दुकानातली माणसं वळून बघत होती, इतका तिचा आवाज खणखणीत. आता त्याने आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडून आतल्या लोलकाला गुंडाळलं आणि दोऱ्याने घट्ट बांधलं. मग घंटा छातीशी धरून तो काकूंच्या मागे वेशीकडे चालू लागला. काकू पुढे गप्प होत्या. त्याच्या हातातली घंटाही गप्प होती. कुणालाच घाई नव्हती.